सतरा पदं, सतरा बाण आणि मी

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर माणसाला जरा आडवं व्हायचं असतं. नेमक्या त्या वेळी पोटच्या मुलीने समोर कागद धरून "बाबा, गणिताप्रमाणे तुमच्यावाचून ऑफिसचं काही अडत नाही," असं सांगावं, याहून मोठा धक्का मला आजवर बसलेला नाही. माझं लग्न ठरल्याचं मला माझ्या आईने असंच जेवणानंतर सांगितलं होतं, पण तेव्हा निदान मुलीचा फोटो तरी दाखवला होता.

मी आवक-जावक लिपिक आहे. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारून नंबर घालायचा आणि जाणाऱ्या प्रत्येक कागदावर दुसरा शिक्का मारून दुसरा नंबर घालायचा, हे काम मी तेवीस वर्षं करतो आहे. मधे कागदाचं काय होतं याच्याशी माझा संबंध नाही, आणि तो ठेवला नाही म्हणूनच माझी तब्येत चांगली आहे. मुख्य लिपिक व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हावी लागते. ती मी चार वेळा दिली. एकदा पेन गळलं, एकदा दाढ सुजली, आणि उरलेल्या दोन वेळांबद्दल मी घरातसुद्धा बोलत नाही. परीक्षेला बसायला वयाची अट बावन्नच्या आतली आहे. मला एक्कावन्न पूर्ण झाली होती. म्हणजे ही शेवटची संधी होती, आणि नेमक्या याच वर्षी कुणीतरी अभ्यासक्रमात गणिताचा पेपर घातला. तसं परिपत्रक आलं, त्यात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: फंक्शन, डोमेन आणि रेंज.

मी परिपत्रकावर शिक्का मारला, नंबर घातला आणि मग ते वाचलं.

आमच्या इमारतीत बातमी जिन्यापेक्षा लवकर वर जाते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर त्याच संध्याकाळी खाली आले. "अहो, फंक्शन म्हणजे काही अवघड नाही. आधी मनाची बैठक हवी," असं म्हणून त्यांनी चारशे पानांचं एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. पहिल्या पानावरची पहिलीच ओळ 'हे उघडच आहे की' अशी सुरू होत होती. मला पुढे काहीच उघड दिसेना, म्हणून मी पुस्तक मिटलं. समोरच्या वहिनी म्हणाल्या की त्यांचा भाचा मोबाईलवर व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून शिकला. मग माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाल्या, "तुम्ही निम्म्या वेगाने लावा, भावजी." माणसं मदत करतात, पण अपमान सोबत देतात.

शेवटी मुलीने मला ताब्यात घेतलं. ती अकरावीत आहे आणि तिचा स्वभाव तिच्या आईवर गेला आहे, म्हणजे ती एकच गोष्ट दोनदा सांगत नाही. तिच्या हातात आमच्या घरातली जुनी लाकडी पट्टी असायची. हातभर लांब, काळपट, कडेला पितळेची पातळ पट्टी बसवलेली. पूर्वी असल्या वस्तू फार चांगल्या निघत.

"बाबा, दोन गोल काढायचे," ती म्हणाली. "डावा गोल डोमेन. त्यातल्या प्रत्येकाकडून एक बाण उजव्या गोलात जायला हवा. एक आणि एकच. कुणी बिनबाणाचा राहिला तर फंक्शन नाही. कुणाकडून दोन बाण निघाले तरी फंक्शन नाही."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे काहीही चालतं. एकावर दोन बाण आले तरी चालतं, एखाद्यावर एकही नाही आला तरी चालतं. उजवीकडचे सगळे मिळून को-डोमेन. त्यांतल्या ज्यांच्यावर बाण आले ते रेंज. ज्यांच्यावर नाही आले ते नुसतेच गोलात बसलेले."

मला त्या नुसत्या बसलेल्यांबद्दल तेव्हाच जरा वाईट वाटलं होतं. मग तिने एक वाकडीतिकडी रेघ काढून तिच्यावरून ती पट्टी उभी धरून सरकवत नेली. पट्टी रेघेला कुठेही दोन ठिकाणी कापत असेल तर ते फंक्शन नाही, याला उभ्या रेषेची चाचणी म्हणतात. मला ही चाचणी आवडली. पट्टी सरकवायला डोकं लागत नाही.

"आता गृहपाठ," ती म्हणाली. "तुमच्या ऑफिसातलं एक फंक्शन शोधून आणायचं."

बापाला गृहपाठ! बायको स्वयंपाकघरात हसल्याचा आवाज आला. मी शनिवारी जेवणाच्या सुट्टीत इमानेइतबारे कामाला लागलो. आमच्या ऑफिसात आस्थापना विभागाच्या बाहेर भिंतीवर काचेच्या चौकटीत एक यादी लावलेली आहे. डावीकडे मंजूर पदं, सतरा. उजवीकडे त्या पदावरच्या माणसांची नावं. तेवीस वर्षं मी त्या चौकटीच्या काचेत बघून भांग पाडत आलो, यादी कधी वाचली नव्हती. त्या दिवशीसुद्धा मी ती वाचली नाही, नुसता तिचा फोटो काढून आणला. आपण ऑफिसात आहोत की नाही हे कोण यादीत बघतो?

रविवारी मी ऐटीत दोन गोल काढले. डावीकडे सतरा पदं. उजवीकडे ऑफिसातली सतरा माणसं, आठवून, साहेबांपासून सफाईवाल्या मावशींपर्यंत, स्वतःला जरा मोठ्या अक्षरांत. मग मुलगी फोटोतली यादी वाचत गेली आणि मी बाण मारत गेलो. नऊ नंबरला गाडी अडली.

"पद नऊ, आवक-जावक लिपिक," ती म्हणाली, आणि पुढे भलतंच नाव वाचलं.

ते नाव मी ऐकलेलं होतं. ऑफिसातली जुनी माणसं त्यांना शिक्केकाका म्हणत. माझ्या आधी माझ्या खुर्चीवर तेच होते आणि मी नोकरीला लागलो त्याच्या महिनाभर आधी ते निवृत्त झाले होते. मुलीने शांतपणे उजव्या गोलात अठरावं नाव वाढवलं आणि त्यावर बाण काढला. उरलेल्या आठ पदांचे आठ बाण काढून झाले. मग तिने कागद उचलून डोळ्यांसमोर धरला आणि आडवं पडायच्या बेतात असलेल्या मला ते, माझ्यावाचून काही न अडण्याचं वाक्य सांगितलं.

"म्हणजे? चुकलं का?" मी ताडकन उठून बसलो.

"नाही ना, तीच तर गंमत आहे. अगदी बरोबर फंक्शन आहे. प्रत्येक पदाला एक बाण आहे. तुम्ही को-डोमेनमध्ये आहात, बाबा. फक्त रेंजमध्ये नाही आहात."

तेवीस वर्षं! उन्हाळ्यात पंखा बंद असताना मी शिक्के मारले. हाताला घट्टे पडलेत, हवे तर दाखवतो. बायको पदराला हात पुसत बाहेर आली, कागद पाहिला आणि म्हणाली, "अहो, मग तुम्ही रोज डबा घेऊन जाता कुठे?"

सोमवारी मी आस्थापनेच्या मॅडमसमोर उभा राहिलो. मॅडम वाईट नाहीत, पण कुठलीही गोष्ट नवी आहे असं त्या मान्य करत नाहीत. त्यांनी कपाटातून एक फाईल काढली, जीभ लावून पानं उलटली आणि सांगितलं, "तुमची नेमणूक 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून झालीय. पुढचा आदेश येईपर्यंत."

"आणि पुढचा आदेश?"

"आला असता तर तुमच्याकडेच आवक झाला असता ना."

मग माझा पगार कसा होतो, असं मी चाचरत विचारलं. तो 'इतर' या सदरातून होतो, असं कळलं. त्या सदरात माझ्या वर पाण्याचे माठ होते आणि माझ्या खाली झाडू. मी खुर्ची ओढून बसलो.

खरी गोम पुढेच होती. परीक्षेच्या अर्जात सातवा रकाना 'पद क्रमांक' असा होता, आणि तो भरल्याशिवाय अर्ज घेत नव्हते. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

"नऊ लिहू का?" मी विचारलं.

"नऊवर माणूस आहे," मॅडम म्हणाल्या.

"पण ते निवृत्त झालेत!"

"निवृत्त झालेत, पण त्यांनी चार्ज कुठे दिलाय? चार्ज दिल्याघेतल्याचा कागद दोघांच्या सह्यांनी येऊ दे, मी लगेच बाण बदलते." मी त्यांना फंक्शनचा कागद दाखवला होता. 'बाण' हा शब्द त्यांना फार आवडला होता.

मंगळवारी मी शिक्केकाकांचं घर शोधून काढलं. एक्याऐंशीचं वय, काटक अंगलट, मुलगा-सून कामावर गेलेले. ते खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या बातम्यांना पेनाने नंबर घालत होते. मी सगळी हकीकत सांगितली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे मी अजून पदावर आहे?"

"कागदोपत्री, काका."

"मग कागदाशिवाय दुसरं असतं काय?" ते उठून उभे राहिले. "तेवीस वर्षं बिनपरवानगी गैरहजर राहिलो मी! आणि कुणी बोललं नाही मला? उद्या साडेनवाला येतो. चार्ज रीतसर द्यायचा, वस्तूवार. तसा सोडायचा नसतो तो."

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, म्हणाला असेल. बुधवारी मी पावणेदहाला पोचलो तेव्हा काका माझ्या खुर्चीत बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, शेजारी जेवणाचा डबा, समोर शिक्का. सकाळचं निम्मं टपाल त्यांनी उरकलंही होतं. त्यांचा शिक्का कागदाच्या उजव्या कोपऱ्यात रेषेत बसत होता. माझा तेवीस वर्षांत एकदाही सरळ बसलेला नाही, हे मला त्या सकाळी कळलं, आणि दुर्दैवाने ऑफिसातल्या इतर पंधरा जणांनाही त्याच सकाळी कळलं. साहेबांना कळायला गुरुवार उजाडला.

मी अभ्यागतांच्या स्टुलावर बसलो. चार्जची यादी एकेचाळीस वस्तूंची निघाली आणि काकांना ती तोंडपाठ होती. शिक्के चार, शाईची पॅड दोन, टाचणीचा डबा एक. एक वस्तू झाली की मधेच टपाल यायचं, काका तिकडे वळायचे. लोक माझ्याऐवजी त्यांच्यासमोर रांग लावायला लागले. सवयीने मीही हात लांब करून शिक्का मारत होतो, त्यामुळे तीन दिवस प्रत्येक कागदावर दोन शिक्के आणि दोन नंबर पडले. गुरुवारी साहेब केबिनच्या बाहेर आले, एका टेबलाशी आम्हा दोघांना पाहिलं आणि परत आत गेले. त्या दिवशी त्यांनी कुणालाही बोलावलं नाही.

"आता मात्र बिघडलं," मुलगी रात्री जेवताना म्हणाली. "नऊ नंबरकडून दोन बाण. फंक्शनच राहिलं नाही." ती पट्टी उभी धरून माझ्या ताटावरून सरकवत होती. मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडलो.

वरच्या मॅनेजरांनी सल्ला दिला की काकांच्या मुलाला फोन करून त्यांना घरी बसवा. समोरच्या वहिनींनी सल्ला दिला की मीच घरी बसावं, नाहीतरी काय फरक पडतो.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता चाळीस वस्तू झाल्या. एकेचाळिसावी वस्तू वाचताना काकांचा आवाज बदलला.

"आखणीची लाकडी पट्टी, पितळी कडेची, एक."

मुलगी पहिलीत असताना तिला चित्रवहीला समास आखायचा होता, म्हणून एक दिवसासाठी मी ती घरी नेली होती. एक दिवसासाठी, देवाशप्पथ! तो दिवस दहा वर्षांपूर्वीचा होता.

"हरवली वाटतं," मी म्हणालो.

"हरवली?" काका केवढ्याने तरी दचकले. "मग सही कशी करू? मी रोज जाताना ती टेबलाच्या उजव्या कप्प्यात ठेवत असे. पहिल्या दिवशी मिळाली होती मला, माझ्या आधीच्यांकडून." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. टोपण लागल्याचा तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

घड्याळात सव्वातीन झाले होते. सातवा रकाना कोरा होता. मी जिना उतरून रस्त्यावर आलो आणि एक्कावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, खात्यातला जबाबदार माणूस भर दुपारी धावत सुटलो. घरी पोचलो तेव्हा मुलगी त्याच पट्टीने आलेख आखत बसली होती. मी तिच्या हातातून पट्टी हिसकावली. त्या ओढाताणीत पट्टी उलटी झाली तेव्हा मागे ऑफिसचा पुसट शिक्का दिसला, उजव्या कोपऱ्यात, अगदी सरळ बसलेला.

"बाबा," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. मला वाटतं, त्या आठवड्यात मला बसलेल्या सगळ्या धक्क्यांत तो आवाज सर्वांत जोरात लागला. मला लाज वाटली आणि मी ती लपवली नाही. "हो. मीच आणली. आज परत करतोय," असं म्हणून मी चप्पल न घालताच निघालो.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी पट्टी काकांसमोर ठेवली. सगळं ऑफिस पाहत होतं. मी कुठून आणली हे काकांनी विचारलं नाही. त्यांनी पट्टी हातात घेतली, पितळेवरून अंगठा फिरवला, टेबलावर तिचा सरळपणा तपासला. मग म्हणाले, "वापरात होती. चांगलं झालं. कप्प्यात राहिली असती तर वाळवी लागली असती." आणि त्यांनी सही केली.

मॅडमनी चौकट भिंतीवरून उतरवली, काच काढली आणि नऊ नंबरपुढचं नाव खोडून माझं लिहिलं. चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी मी सातव्या रकान्यात नऊ लिहिलं. तिकडे काका आपला डबा पिशवीत ठेवत होते. त्यांना ते फार वेळ जमेना. पिशवी तीच होती, डबाही तोच होता, पण आत जाईना. मी पुढे होऊन पिशवीचं तोंड धरलं. "येत जा, काका," मी म्हणालो. "कशाला? काम काय आता?" ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

परीक्षेत चौथा प्रश्न होता: फंक्शन नसलेल्या संबंधाचं एक उदाहरण द्या आणि कारण लिहा. माझं पेन गळलं नाही, दाढ सुजली नाही. मी दीड पान लिहिलं. आमचं ऑफिस, पद नऊ, तीन दिवस, दोन माणसं, उभ्या रेषेची चाचणी, सगळं आकृतीसकट. इतकं मनापासून मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी सकाळच्या टपालात मुख्यालयाची दोन पाकिटं आली. पहिलं मी उभ्याउभ्याच फोडलं. मी पास झालो होतो. आजपासून मुख्य लिपिक. मी ते पत्र तीनदा वाचलं, आवक नंबर घालायचा विसरलो, मग घातला. साहेबांनी हस्तांदोलन केलं. मॅडम म्हणाल्या, "मग नऊवर आता कोण?" साहेबांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "सध्या तात्पुरती व्यवस्था करा कुणाचीतरी." मी फोन उचलला. काका वीस मिनिटांत पोचले. इस्त्रीचा शर्ट घालायला आणि यायला मिळून वीस मिनिटं, म्हणजे शर्ट तयारच असणार.

दुसरं पाकीट त्यांनीच फोडलं, पट्टीच्या कडेने, सुबक. शिक्का मारला, नंबर घातला, आणि वाचून माझ्या नव्या टेबलाशी घेऊन आले. मी वाचलं आणि खुर्चीत खचलो. 'उत्तर क्रमांक चारमध्ये एका मंजूर पदावर तीन दिवस दोन व्यक्ती कार्यरत असल्याचे आपण स्वहस्ते नमूद केले आहे. याबाबत आपल्यावर कारवाई का करू नये, याची कारणे दाखवा.' वर, पत्त्याच्या जागी, नाव नव्हतंच. लिहिलं होतं: आवक-जावक लिपिक, पद क्रमांक नऊ, यांस.

"काका," मी घाबऱ्या आवाजात म्हणालो, "मला आजच बढती मिळालीय हो."

"तुम्हाला कुठे आलीय नोटीस?" काकांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. "नऊ नंबरला आलीय. म्हणजे मला." ते परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले, चष्मा पुसला आणि ती नोटीस पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. त्यांचा चेहरा फुलला होता. तेवीस वर्षांत ऑफिसकडून त्यांना आलेलं ते पहिलं पत्र होतं.

"उत्तराला मुदत किती दिलीय?" मी विचारलं.

त्यांनी पट्टी कागदावर ठेवून शेवटची ओळ शोधली.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "म्हणजे पंधरा दिवस तरी यावंच लागेल."